लग्नाचे आठ प्रकार: यादी पाठ असते, पण ती होती कशासाठी?

ब्राह्म, दैव, आर्ष, प्राजापत्य, आसुर, गांधर्व, राक्षस, पैशाच. ही यादी संस्कृतच्या तासाला किंवा स्पर्धा परीक्षेच्या नोट्समधे बऱ्याच जणांनी कधीतरी पाठ केलेली असते, आणि पुढे डोक्यात एवढंच राहतं की पहिले चार चांगले, नंतरचे वाईट, आणि गांधर्व म्हणजे लव्ह मॅरेज. मग कोणीतरी छाती फुगवून सांगतं की बघा आपल्याकडे हजारो वर्षांपूर्वी प्रेमविवाहाला मान्यता होती, दुसरा म्हणतो की बघा यांच्याकडे बलात्कारालाही लग्न म्हणायचे, आणि तासभर वाद घालून दोघंही तिथेच.

मुळात ही यादी लग्न कसं लावायचं हे सांगायला केलेलीच नाही. पाणिग्रहण, होम, सप्तपदी हे सगळं गृह्यसूत्रांमधे (घरगुती विधींचे जुने ग्रंथ) वेगळं सांगितलंय आणि त्यात प्रकारागणिक फारसा फरक नाही. यादीला दोनच गोष्टींशी घेणंदेणं आहे: मुलगी कोणी दिली (की दिलीच नाही, नेली), आणि कोणाकडून कोणाच्या घरी काय गेलं. हे दोन प्रश्न धरले की पाठांतराची गरज उरत नाही.

मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात एकेका श्लोकात एकेक प्रकार आहे. ब्राह्म म्हणजे बापानं शिकलेल्या आणि चांगल्या चालीच्या मुलाला स्वतः बोलावून घ्यायचं, मुलीला वस्त्रं-दागिने घालून त्याला द्यायची आणि बदल्यात काही घ्यायचं नाही. दैव म्हणजे यज्ञ चालू असताना तिथल्या ऋत्विजाला, म्हणजे यज्ञ करणाऱ्या पुरोहिताला, मुलगी द्यायची, थोडक्यात दक्षिणेच्या जवळपासचं प्रकरण, आणि हे वाचताना आज अंगावर काटा येतो तरी यादीत त्याचा नंबर दुसरा आहे. आर्षात मुलाकडून गायबैलाची एखादी जोडी, फार तर दोन, घ्यायची, पण "धर्मासाठी". प्राजापत्यात "दोघं मिळून धर्म आचरा" असं सांगून द्यायची. ब्राह्म आणि प्राजापत्य यांच्यात नेमका फरक काय यावर टीकाकारांनीही बरीच ओढाताण केलीय, त्यामुळे आपल्याला तो पटकन कळला नाही तर वाईट वाटून घेऊ नका.

आर्षातल्या त्या गायबैलावरून तेव्हाच वाजलेलं दिसतं. मनुस्मृती म्हणते की काही लोक त्याला शुल्क, म्हणजे मुलीची किंमत, म्हणतात पण ते खोटं आहे, आणि लगेच बजावते की थोडं घेतलं काय आणि जास्त घेतलं काय, विक्री ती विक्रीच. म्हणजे एकीकडे आर्ष चांगल्या चारात ठेवायचा आणि दुसरीकडे त्यातल्या बैलजोडीचं काय करायचं हे धड कळत नाही. मला तर वाटतं जुन्या काळी मुलीसाठी गुरं देणं सर्रास चालत असणार, नंतर पैसे घेणं वाईट ठरलं, पण ऋषींच्या नावावरची चाल मोडायची कशी म्हणून ही कसरत.

हेच उघडउघड केलं की आसुर. नवऱ्या मुलानं मुलीच्या नातेवाइकांना आणि मुलीला ऐपतीप्रमाणे धन द्यायचं आणि मुलगी न्यायची. महाभारताच्या आदिपर्वात याचा एक भारी प्रसंग आहे. पंडूसाठी माद्रीला मागणी घालायला भीष्म मद्र देशात जातो, शल्य आदरसत्कार करतो आणि मग जरा अवघडून सांगतो की आमच्या घराण्यात पूर्वजांनी एक चाल पाडून ठेवलीय, ती चांगली असो की वाईट, माझ्यानं ती मोडवत नाही, तुम्हाला ठाऊक आहेच, तेव्हा "द्या" असं मी तोंडानं म्हणणं बरं दिसत नाही. भीष्म म्हणतो, कुळाचा धर्म आहे, त्यात दोष कसला, आणि सोनं, रत्नं, हत्ती, घोडे, रथ सगळं पुढे ठेवून माद्रीला घेऊन येतो. देणाराही राजा आणि घेणाराही राजा, पण पैशाचा विषय आला की आवाज खाली जातो. मुलाकडच्यांनी "आमची काही अपेक्षा नाही हो, तुमच्या मुलीला काय घालायचं ते घाला" म्हणतानाचा तोच स्वर, फक्त दिशा उलटी झालीय.

गांधर्व म्हणजे मुलगा-मुलीनं आपापसात ठरवलेलं, देणारा कोणीच नाही. उदाहरण अर्थात शकुंतलेचं, पण आपल्या डोक्यात असते ती कालिदासाची शकुंतला, अंगठी, शाप वगैरे. महाभारतातल्या गोष्टीत अंगठीही नाही आणि शापही नाही. तिथे दुष्यंत घाई करतोय आणि शकुंतला म्हणतेय, थांब, बाबा फळं आणायला गेलेत, येतीलच इतक्यात. तो तिला आठही प्रकार ऐकवतो आणि आपल्या दोघांना गांधर्व चालतो म्हणून पटवतो, तेव्हा ती सरळ अट घालते की मला होणारा मुलगा तुझ्यानंतर राजा व्हायला हवा, कबूल असेल तर ठीक. तो फार विचार न करता हो म्हणतो. पुढे काही वर्षांनी ती मुलाला घेऊन दरबारात उभी राहते तर राजाला सगळं आठवत असूनही तो म्हणतो मला काही आठवत नाही, आणि तिच्याकडे साक्षीदार एकही नाही. शेवटी आकाशवाणी होते. मग राजा म्हणतो मला माहीत होतंच, पण नुसत्या हिच्या शब्दावर घेतलं असतं तर लोकांनी संशय घेतला असता.

म्हणजे गांधर्वात खरी अडचण पुराव्याची. दोघांनी ठरवलं आणि एक जण उलटला तर दुसऱ्यानं जायचं कुठे? आणि उलटणारा बहुतेक वेळा कोण असतो हे काय सांगायला हवं.

राक्षस प्रकाराची व्याख्या तर वाचवत नाही. मुलीच्या माणसांना मारून, भिंती फोडून, ओरडणाऱ्या रडणाऱ्या मुलीला घरातून ओढून नेणे. आश्वलायनाच्या गृह्यसूत्रात डोकी फोडून रडणाऱ्यांमधून रडणारीला नेणं अशी शब्दरचना आहे. भीष्मानं काशीच्या स्वयंवरातून अंबा, अंबिका, अंबालिका तिघींना रथात घालून आणलं ते हेच, आणि तिथेही उचलण्याआधी तो भर सभेत विवाहाच्या प्रकारांची यादी म्हणून दाखवतो, जणू नोटीस वाचतोय. अंबेनं मनानं शाल्वाला वरलं होतं, ते कळल्यावर तिला परत पाठवलं, पण शाल्वानं घेतलं नाही आणि ती कुठलीच राहिली नाही. पुढचं माहीतच आहे.

आता आपल्या विदर्भातली रुक्मिणी. कौंडण्यपूर, अमरावती जिल्ह्यात वर्धा नदीकाठी, जिथून आजही रुक्मिणीची पालखी पंढरपूरला जाते. भावानं तिचं लग्न शिशुपालाशी ठरवलेलं, तिनं स्वतः कृष्णाला निरोप धाडला, तो येऊन पळवून घेऊन गेला आणि पाठलाग करणाऱ्यांशी लढाई झाली. हे कुठल्या खणात टाकणार? मुलीच्या बाजूनं बघितलं तर गांधर्व, भावाच्या बाजूनं बघितलं तर राक्षस. मनुस्मृतीलाही असे मिश्र प्रकार माहीत होते, क्षत्रियांसाठी गांधर्व आणि राक्षस वेगवेगळे किंवा एकत्र चालतात असा श्लोकच आहे. पण माझ्या दृष्टीनं अंबा आणि रुक्मिणी यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि यादी मुलीच्या इच्छेपेक्षा घरच्यांच्या संमतीकडे जास्त बघत असल्यामुळे तो फरक तिला नीट पकडता येत नाही. हा यादीचा मोठा दोष आहे.

शेवटचा पैशाच म्हणजे झोपलेल्या, नशेतल्या किंवा भानावर नसलेल्या मुलीवर गुपचूप केलेला अत्याचार. आज याला एकच नाव आहे आणि ते लग्न नाही. स्मृतीही त्याला सगळ्यात पापी म्हणते, मग यादीत ठेवला कशाला? अभ्यासक साधारण असं उत्तर देतात की झालेल्या प्रकारानंतर त्या बाईचं आणि होणाऱ्या मुलाचं स्थान काय हा प्रश्न समाजापुढे होता, तो असा सोडवला. वसिष्ठ धर्मसूत्रात मात्र असंही आहे की जबरदस्तीनं नेलेल्या मुलीवर मंत्रसंस्कार झाला नसेल तर ती कुमारिकाच समजायची आणि तिचं दुसरीकडे रीतसर लग्न लावता येतं. मला हे जास्त माणुसकीचं वाटतं. आणि "आता लग्न लावून टाका म्हणजे मिटलं" ही गावपंचायतीतली तडजोड आजही ऐकू येते, तेव्हा जुन्या लोकांना नुसती नावं ठेवून भागणार नाही.

सगळे ग्रंथ आठच प्रकार सांगतात असंही नाही. धर्मसूत्र लिहिणारा आपस्तंब सहाच देतो, प्राजापत्य आणि पैशाच त्याच्या यादीत नाहीतच. बौधायन सांगतो की काही जण गांधर्वाची तारीफ करतात कारण त्यात स्नेह आहे, आणि कामसूत्राचा कर्ता तर गांधर्वालाच वरचढ मानतो. एकमत कधीच नव्हतं.

बरं, मग एवढं वर्गीकरण कशाला? इथे खरी गंमत आहे, कारण उत्तर पैशाचं आहे. बाईला लग्नात आणि नंतर जे मिळतं ते स्त्रीधन, आणि ती मूलबाळ नसताना वारली तर ते जाणार कुठे, नवऱ्याकडे की माहेरी? याचा निकाल लग्नाच्या प्रकारावर लागायचा. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात आहे की ब्राह्म, दैव, आर्ष, प्राजापत्य आणि गांधर्व या पाचांत नवऱ्याकडे, बाकीच्यांत तिच्या आईबापांकडे. दुसरा स्मृतिकार याज्ञवल्क्य मात्र पहिल्या चारांतलंच नवऱ्याला देतो, म्हणजे गांधर्व विवाह केलेल्या बाईचं धन त्याच्या हिशेबानं माहेरी परत. चांगल्या प्रकारात मुलगी पूर्ण "दिलेली" असते म्हणून तिच्याबरोबरचं सगळं सासरचं, आणि जिथे नीट दिलेलीच नाही तिथे माहेरचा धागा तुटलेला नाही, असं ते गणित.

कौटिल्य तर याहून रोखठोक. अर्थशास्त्रात तो म्हणतो की पहिल्या चार प्रकारांना बापाची संमती पुरे, बाकीच्यांना आई आणि बाप दोघांची हवी. गांधर्व आणि आसुर विवाहात नवऱ्यानं बायकोचं स्त्रीधन वापरलं तर व्याजासकट परत करायचं, आणि राक्षस-पैशाचात वापरलं तर ती चोरी. शिवाय पहिल्या चार धर्मविवाहांत सुटका नाही, बाकीच्यांत मात्र दोघांनाही एकमेकांचा तिटकारा आला असेल तर वेगळं होता येतं. आता बघा, प्रतिष्ठेच्या शिडीवर जे लग्न वर, त्यात बाईला बाहेर पडायचा दरवाजा बंद, आणि खालच्या पायरीवरच्या लग्नात दरवाजाही उघडा आणि माहेरही शाबूत. हे लक्षात आल्यापासून "श्रेष्ठ विवाह" हा शब्द ऐकला की मला पहिला प्रश्न पडतो, श्रेष्ठ कोणासाठी?

इंग्रजांच्या कोर्टांनी हे सगळं उचललं आणि चालू ठेवलं. निपुत्रिक बाईचं स्त्रीधन कोणाचं यावर खटला आला की लग्न ब्राह्म होतं की आसुर हे ठरवायला लागायचं, कोर्ट आधी ब्राह्मच धरून चालायचं, आणि ज्याला आसुर म्हणायचंय त्यानं मुलीच्या बापानं पैसे घेतले होते हे सिद्ध करायचं. सासर आणि माहेर कोर्टात, आणि वाद कशावर तर आमच्या मुलीला आम्ही विकली होती की नव्हती यावर.

आणि विकणारे कमी नव्हते. पेशवाईच्या अखेरीस वाई प्रांतातल्या ब्राह्मणांना मुलीचे पैसे घेऊ नयेत म्हणून हुकूम गेला होता, दंड घेणाऱ्याला, देणाऱ्याला आणि मधल्या दलालालाही. देवलांचं 'शारदा' १८९९ साली रंगमंचावर आलं ते याच विषयावर, पैशासाठी कोवळी पोर म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधणारा बाप. म्हणजे मंगलाष्टका, होम, कन्यादान सगळं ब्राह्म पद्धतीचं आणि आतला व्यवहार पक्का आसुर.

दुसरीकडे ठाणे-पालघरकडच्या वारल्यांसारख्या आदिवासी समाजांत मुलीसाठी देज (मुलाकडून मुलीकडच्यांना द्यायचं धन) द्यायची रीत उघड होती, लग्न लावणारी धवलेरी बाई, भटजींचा संबंध नाही. ते कोणत्या यादीतून आलेलं नाही, त्यांचं ते त्यांचं आहे, त्याला आसुर म्हणून शिक्का मारणं हा बाहेरच्यांचा उद्योग. पण याच भागात लग्नासाठी सावकाराकडून पैसे काढायचे आणि ते फिटेपर्यंत नवरा-बायकोनं त्याच्याकडे राबायचं अशी लग्नगडीची वेठ होती, वर्षानुवर्षं फिटायची नाही, आणि १९४५ च्या सुमारास गोदावरी परुळेकर आणि किसान सभेनं जो लढा उभा केला त्यात ही वेठ मोडणं ही मोठी गोष्ट होती.

आता एक गोष्ट कोणाच्या लक्षात येत नाही. आठही प्रकार परत वाचा आणि सांगा, नवऱ्या मुलानं मुलीकडून पैसे घ्यायचे असा प्रकार कुठला? एकही नाही! पैसे गेलेच तर मुलाकडून मुलीकडे. ब्राह्म विवाहात मुलीला अंगावर वस्त्रं-दागिने, दानासोबत वरदक्षिणा वगैरे आहे, त्याच बोळातून पुढे हुंडा आत शिरला आणि आता "आमची परंपरा" म्हणून बसलाय. १९६१ चा हुंडाबंदी कायदा आहे, त्याचं काय होतं ते सगळ्यांना दिसतंच. पण शास्त्राच्या नावानं हुंडा मागणाऱ्याला विचारायला हरकत नाही की बाबा, तुझा हा नववा प्रकार कोणत्या श्लोकात आहे.

महाराष्ट्रात गांधर्वाचं आणखी एक वेगळंच आयुष्य आहे. बऱ्याच जातींत विधवा किंवा सोडलेल्या बाईचं दुसरं लग्न व्हायचं त्याला पाट लावणं, मोहतूर किंवा गंधर्व म्हणतात. पहिल्या लग्नासारखा थाट नाही, बहुतेक रात्रीच्या वेळी, मोजक्या माणसांत. मराठेशाहीत त्यावर पाटदाम नावाचा करही होता. शकुंतलेच्या गांधर्वाशी याचं नातं नावापुरतंच.

हाच गंधर्व थेट सुप्रीम कोर्टात गेला. लोखंडे खटला, १९६५. पहिली बायको असताना माणसानं १९६२ साली गंधर्व पद्धतीनं दुसरं लग्न केलं, त्याच्यावर द्विभार्येचा गुन्हा. कोर्टानं विचारलं, होम झाला? सप्तपदी झाली? नाही, पूजा झाली, कपाळाला कपाळ लावलं. मग याशिवायही लग्न होतं अशी तुमच्या समाजाची जुनी रूढी आहे हे सिद्ध करा. ते झालं नाही, म्हणून दुसरं लग्न लग्नच ठरलं नाही, म्हणून गुन्हाही नाही, माणूस सुटला. कायद्याचं लॉजिक बिनचूक, पण यात दोन्ही बायकांच्या हाताला काय लागलं? दुष्यंताला आकाशवाणीनं तरी गाठलं होतं.

ज्या कलमावर हे झालं ते १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याचं सातवं कलम. या कायद्यानं आठ प्रकार मोडीत काढले, आता वधू किंवा वर यांपैकी कोणा एकाच्या रूढीप्रमाणे विधी झाले की लग्न, आणि त्या रूढीत सप्तपदी असेल तर सातवं पाऊल पडल्यावर लग्न पूर्ण. सातव्या पावलाचा हा नियम मनुस्मृतीतही आहे, तो तेवढा टिकला. तमिळनाडूनं १९६७ साली वेगळं कलम घालून भटजींशिवायच्या स्वाभिमान विवाहांना मान्यता दिली. आपल्याकडे सत्यशोधक समाजानं पुरोहिताशिवाय पहिलं लग्न लावलं ते १८७३ सालीच. आणि २०२४ च्या एप्रिलमधे सुप्रीम कोर्टानं परत स्पष्ट केलं की विधी न करता नुसतं सर्टिफिकेट काढलं तर या कायद्याखाली ते लग्न होत नाही, विधी नको असतील तर १९५४ च्या विशेष विवाह कायद्यानं नोंदणी करा, त्यात आधी ३० दिवसांची नोटीस लागते.

ती ३० दिवसांची नोटीस घरी कळायची भीती, म्हणून पळून आलेली जोडपी गाठतात आळंदी. आधार कार्ड, वयाचा दाखला, साक्षीदार, हार, होम, सात पावलं, प्रत्येक पावलाचा फोटो, आणि मग नोंदणी. ठरवलंय दोघांनीच, म्हणजे आत्मा गांधर्व, पण विधी सगळा साग्रसंगीत, कारण पुरावा हवा. शकुंतलेला जे सुचलं नव्हतं ते आळंदीतल्या कार्यालयांचं रोजचं काम आहे.

गोव्यात गणितच वेगळं, तिथे हिंदू विवाह कायदा लागू झालाच नाही. पोर्तुगीजांच्या काळापासूनचा नागरी कायदा चालतो, सिव्हिल रजिस्ट्रारपुढे आधी इराद्याची सही आणि ठरलेल्या मुदतीनंतर पक्की सही, हे केल्याशिवाय भटजींनी लावलेलं लग्न कायद्याला दिसत नाही. आणि लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर दोघांची मालमत्ता एकत्र धरून निम्मी-निम्मी.

बाकी बहुतेक भारतात हिंदू बाईच्या मालमत्तेचा प्रश्न १९५६ च्या वारसा कायद्याच्या १५ व्या कलमात आहे. माहेरकडून वारशानं आलेलं, तिला मूल नसेल तर, बापाच्या वारसांकडे परत जातं. पण तिनं स्वतः कमावलेलं? मूल नाही, नवराही नाही, तर ते आधी जातं नवऱ्याच्या वारसांकडे, तिचे आईबाप त्यानंतर. २००९ साली सुप्रीम कोर्टात असा खटला निकाली निघाला. बाईचं लग्न झालं, तीन महिन्यांत नवरा साप चावून गेला, सासरच्यांनी तिला बाहेर काढलं, माहेरच्यांनी शिकवलं, तिनं नोकरी केली, पैसे साठवले, प्रॉव्हिडंट फंड होता, आणि मृत्युपत्र न करता ती वारली. दावा एकीकडे तिच्या आईचा, दुसरीकडे ज्या घरानं तिला चार दशकं विचारलं नव्हतं त्या घरचा. कोर्ट म्हणालं सहानुभूतीवर निकाल देता येत नाही, आणि पैसे नवऱ्याकडच्यांना गेले.

याज्ञवल्क्याच्या नियमानं तिचं लग्न आसुर ठरलं असतं तर तिचं स्त्रीधन माहेरी आलं असतं. आज तसा फाटा नाही, पण मृत्युपत्र आहे. साध्या कागदावर, दोन साक्षीदारांसमोर सही करून होतं, रजिस्टर करणं सक्तीचं नाही, आणि ते तिनं केलं असतं तर पंधरावं कलम वाचायची वेळच कोणावर आली नसती.